बोन मॅरो ट्रान्सप्लांटनंतर शरीरच रक्त मोडू लागले, तर ट्रान्सप्लांट फसले असे समजायचे का?

आपण लिहिले आहे की, धाकट्या भावाला अप्लास्टिक ॲनिमियासाठी (यात मज्जा रक्त बनवणे सोडते) बहिणीची मज्जा देऊन पाच महिने झाले, हिमोग्लोबिन अकरावरून सातवर उतरले, आणि ‘शरीरच रक्त मोडते आहे’ हे डॉक्टरांचे वाक्य ऐकल्यापासून घरातल्या सगळ्यांनी हाय खाल्ली आहे. मी डॉक्टर नाही. इंदूरला रामबागेत राहणारी, थॅलेसेमिया असलेल्या मुलाची आई आहे, आणि हेच वाक्य मी त्याच्या ट्रान्सप्लांटनंतर चौथ्या महिन्यात ऐकले आहे. एवढ्यावरून ट्रान्सप्लांट फसले असे ठरत नाही.

ट्रान्सप्लांट फसते तेव्हा नवी मज्जा रक्त बनवणे सोडते. इथे ती बहुधा बनवत असते. पण तयार झालेल्या तांबड्या पेशींना अँटिबॉडी चिकटतात आणि प्लीहा त्या पेशी वेळेआधीच मोडून टाकते. मला सर्वांत चकित करणारी गोष्ट ही वाटली की, बहिणीच्या मज्जेतून आलेल्या पांढऱ्या पेशी बहिणीच्याच मज्जेतून आलेल्या तांबड्या पेशींवर उठतात. केमोथेरपीने थायमसला इजा झालेली असते, आपले-परके शिकवणाऱ्या पेशी सावरायला कित्येक महिने लागतात, आणि तोवर अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशींवर कोणाचा वचक राहत नाही. जीव्हीएचडी (ग्राफ्ट व्हर्सेस होस्ट डिसीज) वेगळा, त्यात दात्याच्या पेशी रुग्णाच्या त्वचेवर, आतड्यांवर, यकृतावर हल्ला करतात. भाऊ-बहिणीचे रक्तगट वेगळे असतील तर तेही कारण असू शकते, म्हणून ते अवश्य विचारा.

कूम्ब्स टेस्ट (तांबड्या पेशींना अँटिबॉडी चिकटल्या आहेत का ते सांगणारी), रेटिक काउंट (नव्या तांबड्या पेशी किती बनताहेत ते), एलडीएच व बिलिरुबिन (पेशी मोडल्या की हे वाढतात) आणि दात्याच्या पेशींचे प्रमाण सांगणारी कायमेरिझम तपासणी, हे सगळे रिपोर्ट एकत्र ठेवून पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. आमच्याकडे नेमके तेच राहून गेले. सकाळी खिडकीपाशी दूध पिताना मुलाचे डोळे पिवळे दिसले, लघवी कोऱ्या चहासारखी होती. जवळच्या दवाखान्यात कावीळ म्हणून पथ्य सांगितले, आणि आम्ही चार दिवस उसाचा रस व मुरमुरे देत बसलो. ट्रान्सप्लांट करणाऱ्या डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करायला हवा होता, हे मला आजही बोचते.

उपचाराची सुरुवात बहुधा स्टेरॉइडने होते, काहींना इम्युनोग्लोब्युलिन देतात, आणि तेवढ्याने भागले नाही तर रिटुक्सिमॅब, म्हणजे अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी कमी करणारे औषध. ते देण्याआधी हिपॅटायटिस बी तपासलेले आहे ना, याची खात्री करून घ्या, कारण लपलेला विषाणू त्या औषधाने उसळू शकतो. त्यानंतर संसर्गाचा धोका बरेच महिने राहतो आणि लसीही नीट लागू पडत नाहीत. स्टेरॉइडने आमच्या मुलाचा चेहरा फुगला, भूक अनावर झाली, तरी गोळी आपल्या मनाने कधी कमी केली नाही. ती डॉक्टरांनी आठवड्या-आठवड्याने उतरवली. रक्त चढवायची वेळ आली तर अँटिबॉडीमुळे क्रॉसमॅच (दात्याचे रक्त रुग्णाला चालते का याची तपासणी) जुळवायला तास-तास लागतात, शिवाय ट्रान्सप्लांट झालेल्याला किरणोत्सर्गित (रक्तपेढीत किरण देऊन तयार केलेले) रक्तच लागते, तेव्हा रक्तपेढीला आधीच कळवून ठेवा.

प्लेटलेट्सही त्याबरोबर उतरत आहेत का, हे आजच्याच रिपोर्टमध्ये पाहा. धाप लागली, छाती धडधडली किंवा लघवी आणखी काळवंडली, तर सकाळची वाट न पाहता रात्रीच रुग्णालय गाठा.