बागेतल्या खोलीला बाहेरून काय लावावे?

प्रश्न : मुळशी तालुक्यातील आमच्या बंगल्यामागे, कुंपणालगत, लोखंडी सांगाड्यावर दहा बाय बारा फुटांची खोली बांधायची आहे. तीत इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या आणि गवत कापण्याचे पेट्रोलवरचे यंत्र ठेवू. पलीकडच्या डोंगरउतारावर उन्हाळ्यात वणवे लागतात. फॅब्रिकेटर बाहेरून एसीपी (अ‍ॅल्युमिनियम कॉम्पोझिट पॅनेल) किंवा लाकडासारख्या दिसणाऱ्या डब्ल्यूपीसीच्या पट्ट्या सुचवतो. काय निवडावे?
– एक वाचक, पुणे

उत्तर : आमच्या मते दोन्ही टाळावे. एसीपीच्या दोन पातळ अ‍ॅल्युमिनियम पत्र्यांमधला गाभा स्वस्त मालात बहुधा पॉलिथिनचा असतो. अ‍ॅल्युमिनियम सुमारे ६६० अंश सेल्सिअसला वितळते, पण त्याच्या कितीतरी आधी हा गाभा पाघळतो आणि पेटते थेंब खाली पडू लागतात. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला १४ जून २०१७ रोजी लागलेली आग अशाच गाभ्याच्या आवरणावरून इमारतभर पसरली आणि त्यात ७२ जण दगावले. डब्ल्यूपीसी तर लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक यांचेच मिश्रण आहे.

पाया पेलणार असेल तर चिऱ्याची किंवा विटांची गिलावा केलेली भिंत सर्वांत निर्धास्त. सांगाडाच ठेवायचा असेल, तर बाहेरच्या वापरासाठी बनवलेला, अ‍ॅस्बेस्टॉस नसलेला फायबर सिमेंट बोर्ड जीआयच्या (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाच्या) चौकटीवर बसवावा. ‘फायर रिटार्डंट’ या शब्दावर विसंबू नये, कारण असा माल उशिरा पेटतो एवढाच त्याचा अर्थ. माल ‘नॉन-कम्बस्टिबल’, म्हणजे न जळणारा, असल्याचा चाचणी अहवाल मागावा आणि तो त्याच मालाचा आहे ना, हे पाहावे.

खरी काळजी बोर्डामागच्या पोकळीची घ्यावी लागते. मुळशीच्या पावसात भिंत वाळण्यासाठी ती हवीच, पण आग आत शिरली तर हीच पोकळी धुराड्यासारखी ज्वाळा वर ओढते. शिवाय वणव्याची ठिणगी वाऱ्याबरोबर दूरवर जाते आणि बोर्डाच्या तळाशी साचलेल्या पाल्यावर पडते. म्हणून पोकळीच्या खालच्या व वरच्या तोंडाला स्टेनलेस स्टीलची बारीक जाळी लावावी, आतल्या बाजूस थर्माकोल किंवा पफ (पॉलियुरेथेन फोम) यांऐवजी रॉकवूल (दगडापासून बनवलेली, न जळणारी लोकर) भरावे आणि भिंतीभोवती गवत उगवणार नाही अशी फरसबंदी करावी. खोली कुंपणापासून जितकी आत घेता येईल तितकी घ्यावी.

पेट्रोल आणि बॅटऱ्या मात्र एका खोलीत मुळीच ठेवू नयेत, कारण आग आतूनच लागली तर बाहेरच्या आवरणाचा उपयोग फार थोडा. बोर्ड कापताना उडणाऱ्या धुळीत फुप्फुसांना घातक सिलिका असते, तेव्हा कारागिराला पाणी मारून कापायला सांगावे आणि चांगला मास्क द्यावा. कापलेल्या कडांवर प्राइमर लावल्याशिवाय बोर्ड चढवू देऊ नये.