शहर मोठं करण्याआधी

प्रिय दोस्ता,

तुझ्या गेमचा आराखडा वाचला. दहा लाख रहिवासी, प्रत्येकाला नाव, घर, नोकरी आणि दिनक्रम. ही पहिलीच ओळ खोडून टाक. का, ते सिटी-बिल्डर, म्हणजे शहर वसवून चालवायच्या गेमच्या प्रकाराच्या पडझडीतच दिसतं, म्हणून आधी तिथून सुरुवात करतो.

सिटी-बिल्डर संपले, असं लोक म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात बहुधा सिमसिटी असते: १९८९ची पहिली, २००३ची सिमसिटी ४ आणि मग २०१३ची. २०१३ची सर्व्हर कोलमडल्यामुळे बुडाली हे सगळ्यांना आठवतं. इंटरनेटशिवाय खेळता येणारा ऑफलाइन मोड यायला वर्ष लागलं. पण सर्व्हर सुधारल्यावरही तो गेम उभा राहिला नाही, कारण दुखणं आत होतं. तिथे माणूस, वीज, पाणी, सांडपाणी, सगळंच एजंट, म्हणजे नकाशावर एकेकटा फिरणारा, ज्याचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो असा घटक. घरातून निघालेला कामगार वाटेत पहिली रिकामी नोकरी दिसेल तिथे शिरायचा आणि संध्याकाळी पहिल्या रिकाम्या घरात. त्याचं स्वतःचं असं घर नव्हतंच. सुरुवातीला गाड्या फक्त सर्वांत जवळचा रस्ता बघायच्या. शेजारचा रुंद रस्ता ओस आणि गल्लीत कोंडी. हे एजंट पोसायचे म्हणून नकाशाची बाजू जेमतेम २ किलोमीटर, आणि पडद्यावरची लोकसंख्या खऱ्या एजंटांपेक्षा फुगवलेली.

२०१५च्या सिटीज: स्कायलाइन्सने मोठा नकाशा देऊन ती जागा घेतली. तिलाही छत होतंच: एका वेळी फिरणारी माणसं ६५,५३६, वाहनं १६,३८४. २०२३च्या दुसऱ्या भागाने छत उंचावलं, तेव्हा शहर वाढेल तसं सिम्युलेशन मंदावू लागलं. वर ग्राफिक्सचा भार असा, की दूरच्या नागरिकांच्या तोंडातले दातसुद्धा पूर्ण तपशिलात काढले जात होते. २०२५च्या अखेरीस तो गेम मूळ निर्मात्या कॉलॉसल ऑर्डरकडून आइसफ्लेक स्टुडिओकडे सोपवण्याचं जाहीर झालं.

एवढं करून खेळाडूला मिळालं काय? एका माणसावर क्लिक करून तो कुठे निघालाय ते बघण्याची सोय. दोन-चार वेळा गंमत वाटते. पण चौथ्या तासाला शहराचं दिवाळं का निघतंय, हे त्यातून कळत नाही. माझं ठाम मत: खेळाडूला जे कारण दाखवता येत नाही, ते सिम्युलेट करूच नये. याच काळात बॅनिश्ड हा गेम एका माणसाने बनवून २०१४ला आणला, फ्रॉस्टपंक २०१८ला आला, अगेन्स्ट द स्टॉर्म २०२३ला पूर्ण झाला. तिन्हींत वस्ती छोटी आणि संकट एका वाक्यात सांगता येण्याजोगं: सरपण संपतंय, थंडी वाढतेय, राणीचा संयम सुटतोय. हा प्रकार मेलेला नाही. त्यातली 'सगळं काही खरं' ही फांदी तेवढी वाळली आहे.

आता कामाचं. १२८×१२८ चौकटींचा नकाशा घे. म्हणजे १६,३८४ चौकटी. जमिनीची किंमत, प्रदूषण, वीज, रहदारी यांतल्या प्रत्येकासाठी चौकटीमागे एक बाइट ठेवलास तर एक थर, म्हणजे एका गोष्टीचा पूर्ण नकाशाभरचा तक्ता, १६ केबीत बसतो. दहा थर झाले तरी प्रोसेसरला घाम फुटत नाही. माणसं वेगळी ठेवू नकोस. घराच्या चौकटीत फक्त आकडे: किती राहतात, किती जणांना काम आहे. रस्त्यावर दिसणारी माणसं आणि गाड्या ही शोभा. त्या त्या रस्त्याच्या रहदारीच्या आकड्यावरून काढायच्या आणि पडद्याबाहेर गेल्या की पुसायच्या.

प्रदूषण पसरवताना एक चूक हमखास होते. शेजारच्या चौकटींची सरासरी काढून त्याच थरात लिहीत गेलास, तर पुढच्या चौकटीला आधीच बदललेला आकडा मिळतो आणि धूर वाऱ्याशिवाय उजवीकडे-खाली सरकत जातो. वाच एका थरातून, लिही दुसऱ्यात, मग अदलाबदल कर. पूर्णांकातल्या भागाकाराने बारीक आकडे शून्य होतात, हेही ध्यानात ठेव. धूर कारखान्यापासून ठराविक अंतरावर भिंत असल्यासारखा थांबला, तर कारण तेच.

रहदारीसाठी प्रत्येक घराकडून प्रत्येक कारखान्यापर्यंत वाट शोधू नकोस. उलटा विचार कर: सगळ्या कामाच्या जागांपासून एकदाच अंतर पसरवत न्यायचं. मग प्रत्येक चौकटीला 'जवळचं काम कुठल्या दिशेला' एवढं ठाऊक असतं, आणि हजार घरं ते एकच उत्तर वापरतात. रस्त्याचा खर्च लांबीवरच नव्हे, कालच्या गर्दीवरही ठेव. पण नव्या गर्दीचं वजन एकदम देऊ नकोस. जुन्याचा सुमारे ८० टक्के आणि नव्याचा २० टक्के अंश घे. नाहीतर आज सगळे डावीकडून, उद्या सगळे उजवीकडून, असा झोका सुरू होतो.

हाच झोका मागणीच्या पट्ट्यांतही, म्हणजे किती घरं किंवा कारखाने हवेत ते पडद्यावर दाखवणाऱ्या पट्ट्यांत, येतो, आणि बहुतेक पहिले प्रोटोटाइप इथेच फसतात. घरांची मागणी चढते, खेळाडू ४० घरांची जागा आखतो, ती बांधून व्हायला वेळ लागतो, तोवर पट्टा अजून वरच. तो आणखी ४० आखतो. मग सगळी घरं एकदम तयार, अर्धी रिकामी, कर बुडाला. बांधकाम चालू असलेली घरंही पुरवठ्यात मोज आणि पट्टा एका टप्प्यात ५ ते १० टक्क्यांहून जास्त हलू देऊ नकोस. मृत्यूचंही तसंच: एकाच दिवशी राहायला आलेले सगळे एकाच वयाचे ठेवलेस, तर काही वर्षांनी सगळे एकदमच दगावतात आणि शववाहिन्या पुरत नाहीत. पहिल्या स्कायलाइन्समध्ये ही लाट खेळाडूंच्या चांगलीच ओळखीची होती. उपाय सोपा, येताना वय विखुरलेलं द्यायचं.

पैशाचं गणित मात्र वेळ घेईल. बहुतेक सिटी-बिल्डरमध्ये उत्पन्न एकदा खर्चाच्या वर गेलं की पुन्हा खाली येत नाही, आणि गेम तिथेच संपतो, खेळाडू उगाच आणखी दहा तास रंगकाम करत बसतो. त्यावर आग आणि भूकंप टाकणं ही पळवाट आहे. रस्ते, नळ, पूल यांना वय दे. पहिली काही वर्षं देखभाल जवळजवळ फुकट, मग खर्च चढत जाणारा. म्हणजे सुरुवातीला हावरटपणे पसरवलेल्या उपनगराचं बिल बरोबर मध्यावर येतं. ते येणार आहे हे आधीपासून दिसलं पाहिजे. देखभालीचा नकाशा पहिल्या दिवसापासून उघडता येऊ दे.

वेळेचं प्रमाणही आताच ठरव. दिनदर्शिकेवर महिना उलटतो आणि गाडी अजून ऑफिसात पोचायचीय, असा विसंवाद या प्रकारात जुना आहे. तुझ्याकडे गाड्या नुसती शोभा असल्याने तू सुटलास, फक्त घड्याळात तास दाखवू नकोस.

सहा आठवड्यांत एवढं उभं राहायला हवं, चित्रं साधी चौकोनी असली तरी चालतील. मग हा गेम कधी न पाहिलेल्या पाच जणांना प्रत्येकी अर्धा तास एकेकटं बसव. तू मागे उभा राहा आणि तोंड उघडू नकोस. कोणी "हे असं का झालं?" म्हणालं की वेळ आणि पडद्यावरची जागा टिपून ठेव. सूत्रांना हात लावण्याआधी मला ती यादी पाठव.