‘मी एक शेतकरी आहे’ की ‘मी शेतकरी आहे’?

सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातल्या एका तरुण वाचकाचा प्रश्न आहे. घरची हळद आणि बेदाणा थेट गिऱ्हाइकाला विकण्यासाठी तो इंटरनेटवर स्वतःचं पान सुरू करतोय. ओळखीचं पहिलंच वाक्य त्याने लिहिलं, ‘मी एक शेतकरी आहे.’ मित्र म्हणाला, हे ‘एक’ इंग्रजीतून आलंय, काढून टाक. मग याने गूगलवर अवतरणचिन्हांत ‘मी एक शेतकरी’ शोधलं, तर भरपूर निकाल आले. त्याचं म्हणणं असं, की इतके लोक स्वतःला तसं म्हणवत असतील तर ते चूक कसं?

माझ्या मते तुमच्या पानावर हे ‘एक’ नको. पण मित्राचं कारण अर्धंच बरोबर आहे. ‘एक होता राजा’, ‘एका गावात एक म्हातारी राहत होती’, यातलं ‘एक’ आपलंच आहे, आजीच्या तोंडचं. ऐकणाऱ्याला अजून माहीत नसलेलं पात्र पहिल्यांदा पुढे आणताना मराठी हमखास ‘एक’ वापरते. ‘मी एक साधा शेतकरी आहे’ हेही कानाला खटकत नाही, कारण तिथे ‘अनेकांतला एक’ हा अर्थ आहे. नुसता व्यवसाय सांगताना मात्र त्याची गरज नसते. ‘वडील काय करतात?’ ‘शिक्षक आहेत.’ याला ‘एक शिक्षक आहेत’ असं उत्तर कोणी देत नाही. व्यवसायाच्या नावाआधी सरसकट ‘एक’ लावण्याची सवय इंग्रजी आणि हिंदी वाक्यांच्या वळणाने वाढली, एवढं मित्राचं खरं.

आता त्या निकालांकडे या. आकडा राहू द्या, एकेक निकाल उघडून वाचा. लगेच भेटतात ते शाळेचे निबंध. ‘शेतकऱ्याचे आत्मवृत्त’, ‘नमस्कार, मी एक शेतकरी बोलतोय’. याच साच्यात झाड बोलतं, नदी बोलते, फाटकं पुस्तक बोलतं आणि पडका किल्लाही बोलतो. एकच निबंध दोन-चार वाक्यं बदलून अनेक ठिकाणी चिकटवलेला असतो. त्या निबंधांत ‘एक’ योग्य जागी आहे, कारण तिथे एक पात्र पहिल्यांदाच बोलायला उभं राहतंय. पण ते शब्द परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांसाठी लिहिलेले आहेत. शेतकरी स्वतःला काय म्हणवतात, हे त्यातून कसं कळणार?

अवतरणचिन्हांत शब्द दिले की शोधयंत्र ते शब्द त्याच क्रमाने जिथे असतील ती पानं आणतं. वाक्य कोणाचं, कोणी कशासाठी लिहिलं, हे त्या मोजणीत येत नाही. ‘वाटेत मी एक शेतकरी पाहिला’ हेही त्यात धरलं जातं. विरामचिन्हांकडेही बऱ्याचदा दुर्लक्ष होतं, त्यामुळे ‘कोण आहे मी? एक शेतकरी!’ असं कुठे असलं तर तेही. शिवाय निकालांची संख्या हा अंदाज असतो. तोच शोध दुसऱ्या दिवशी किंवा दुसऱ्या फोनवर घेतला तर वेगळी संख्या दिसू शकते. लाखांची संख्या दाखवणारे निकाल शेवटपर्यंत चाळत गेलात तर काही शेकड्यांतच संपतात, आणि सारखे वाटणारे निकाल गाळल्याची सूचना दिसते. फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅपवर लोक स्वतःबद्दल जे लिहितात त्याचा मोठा भाग तर शोधयंत्राच्या हाती लागतच नाही.

जे निसटतं तेच जास्त बोलकं आहे. स्पर्धा परीक्षा पास झालेला मुलगा सत्काराच्या भाषणात हमखास म्हणतो, ‘मी एका शेतकरी कुटुंबातला.’ इथे ‘एक’चं ‘एका’ झालं, त्यामुळे तुमच्या शोधात तो बसला नाही. ‘शेतकरीपुत्र’ लिहिणारा बसला नाही, ‘शेतकऱ्याचा पोरगा’ लिहिणाराही नाही. मराठी शब्द प्रत्यय लागला की रूप बदलतो. तेव्हा एकाच रूपाची मोजणी घेऊन ‘लोक असं म्हणतात’ असा निष्कर्ष काढणं मला धोक्याचं वाटतं.

गावाच्या नावावरून तुलना करायला गेलात तर आणखी एक अडचण येते. ‘मी सांगलीचा’ आणि ‘मी साताऱ्याचा’ शोधून कुठले लोक गावाचा अभिमान जास्त सांगतात, ते पाहायचं असं समजा. ‘सांगलीचा’ टंकायला सरळ आहे. ‘साताऱ्याचा’मधला ‘ऱ्या’ मात्र कळफलकागणिक वेगळा उमटतो. काही ठिकाणी त्यासाठी ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरलेलं असतं. काही ठिकाणी साध्या ‘र’ला हलन्त देऊन, मध्ये न दिसणारं जोडचिन्ह घालून तेच रूप साधलेलं असतं. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, संगणकाच्या लेखी अक्षरांची साखळी वेगळी. ज्यांना दोन्ही जमत नाहीत ते ‘सातार्याचा’ असं रफार देऊन लिहितात. बोलण्यातलं ‘सातारचा’ आहेच. म्हणजे एकच ओळख निदान चार रूपांत विखुरलेली. यातलं एक रूप मोजून साताऱ्याला मागे टाकणं अन्यायाचं होईल. (वर आलेल्या ‘शेतकऱ्याचा’ची गतही हीच.)

मग ‘सातारकर’ आणि ‘सांगलीकर’ मोजावेत, तर तिथे आडनावं मध्ये येतात. कीर्तनकार बाबामहाराज सातारकरांचं मूळ आडनाव गोरे, पण महाराष्ट्र त्यांना सातारकर म्हणूनच ओळखतो. २०२३ मध्ये ते गेले, तेव्हाच्या सगळ्या बातम्या आणि कीर्तनांची पानं या एका शब्दाखाली येतात. ‘सांगलीकर’चं तसंच. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णा शहरात शिरली, तेव्हा ‘सांगलीकरांचे हाल’, ‘सांगलीकरांना मदत’ असं जागोजागी छापून आलं. ते दुसऱ्याने दिलेलं नाव आहे. ‘आम्ही सांगलीकर’ असं स्वतःहून म्हणणारे शोधायचे तर ‘आम्ही’ धरून शोधा आणि प्रत्येक निकाल वाचा. दुसरा उपाय मला माहीत नाही.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते याच्याही आधीचं आहे. ‘मी अमुक आहे’ हे वाक्य आपल्या भागातली माणसं सहसा बोलतच नाहीत. एसटीत शेजारी बसलेला म्हातारा विचारतो, ‘पाव्हणं, कुठलं म्हणायचं?’ उत्तर येतं, ‘तासगावकडलं.’ ‘काय करता?’ ‘शेती हाय.’ मग ‘द्राक्षबाग हाय, थोडी हळद असती.’ या सगळ्यात ‘मी’ नाही आणि ‘शेतकरी’ हा शब्दही नाही. माणूस आपल्याकडे काय आहे ते सांगतो, त्यावरून तो कोण ते ऐकणाऱ्याला कळतं. ‘दुकान आहे’, ‘मुलगा नोकरीला आहे’, ‘चार म्हशी आहेत’, ही सगळी ओळखीचीच वाक्यं. अवतरणचिन्हांत ‘मी शेतकरी’ टाकून यातलं एकही हाती लागणार नाही.

त्यामुळे वाक्य निवडताना आकड्याकडे बघू नका, या बोलण्याकडे बघा. गिऱ्हाइकाला तुमच्याकडून दोन गोष्टी हव्या आहेत, माल कुठला आणि पिकवला कोणी. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे त्या भागाची खासियत म्हणून सरकारी मान्यता, मिळालं आहे, तेव्हा गावाचं नाव पहिल्या ओळीत यायलाच हवं. मी असं लिहिलं असतं: ‘आमची शेती तासगाव तालुक्यात. हळद आणि द्राक्षं घरची, बेदाणाही आम्हीच करतो.’ ‘शेतकरी’ हा शब्द हवाच असेल तर ‘मी तासगाव तालुक्यातला शेतकरी’ पुरे. शेवटी ‘आहे’ नसलं तरी वाक्य पूर्ण आहे. बहिणीने पान चालवायचं ठरवलं तर फक्त ‘तालुक्यातली शेतकरी’ करा, बाकी काही बदलायला नको.