हलगीचे चॉप पॅडवर लावायचे तर आधी हलगीवाल्याचे हात बघा

भो, तुझा प्रश्न वाचला. वरातीत मोबाईलवर रेकॉर्ड करेल हलगी एबल्टन ह्या म्युझिक सॉफ्टवेअरमध्ये चॉप केली, म्हणजे तिचे तुकडे पाडले, ते बोटांनी वाजवायच्या १६ पॅडच्या कंट्रोलरवर टाकले, पण काही पॅड मुकेच आहेत, बाकीचे कसेही वाजी राहिले आणि दोन पॅड पटापट मारले की नुसता गलका होतो. ह्या तीन वेगळ्या भानगडी आहेत.

मुके पॅड आधी. पॅडमध्ये आवाज वगैरे काही नसतो, तो फक्त एक नोट नंबर पाठवतो. तू क्लिपवर राइट क्लिक करून स्लाइस टू न्यू मिडी ट्रॅक केलं की एबल्टन पहिला तुकडा ३६ वर ठेवतं, दुसरा ३७, तिसरा ३८ असं चढत जातं, म्हणजे १६ तुकडे ५१ वर संपले. पण कंट्रोलरमध्ये जुन्या एमपीसीचा, म्हणजे अकाईच्या पॅडवाल्या मशीनचा, नकाशा असला तर तो ओळीने नसतोच, त्यात पहिला पॅड ३७, दुसरा ३६, तिसरा ४२ आणि चौथा एकदम ८२. आता ८२ वर तू काही ठेवेलच नाही तर वाजणार काय? ड्रम रॅक, म्हणजे एबल्टनमधली तुकड्यांच्या चौकोनांची जाळी, समोर ठेवून एकेक पॅड दाब, कुठला चौकोन चमकतो ते बघ, पाच मिनिटांत सगळं कळेल. मग कंट्रोलरच्या एडिटरमध्ये खालच्या डाव्या पॅडपासून ३६ ते ५१ सरळ भर आणि प्रीसेट सेव्ह कर. एफएल स्टुडिओवाल्यांनी लक्षात ठेवा, तिकडे ३६ ला सी३ म्हणतात आणि एबल्टनमध्ये सी१, म्हणून कायम नंबरच बघायचा.

आता मेन गोष्ट. सॉफ्टवेअर तुकडे रेकॉर्डिंगच्या क्रमाने लावतं, कारण त्याला फक्त वेळ कळते, तुझी बोटं कळत नाहीत. ते तसंच ठेवून वाजवायला गेलं की मूळ ठेकाच परत वाजतो नाहीतर बोटं अडकतात, आणि इथेच बरेच लोक सॅम्पलला नाहीतर कंट्रोलरला शिव्या देतात. हलगीवाल्याकडे नीट बघ, एका हातात जाड काडी, दुसऱ्यात बारीक लांब काडी, जाड काडीचा दणका मधोमध आणि बारीक काडीची टरटर कडेला. तोच हिशोब पॅडवर आण. दणके उजव्या हाताखाली खालच्या दोन ओळींत, बारीक काडीचे तुकडे डाव्या हाताखाली, आणि पूर्ण फिरकीचे लांब तुकडे सगळ्यात वर, कारण ते सेटमध्ये क्वचितच लागतात. ड्रम रॅकमध्ये पॅड ओढून दुसऱ्या पॅडवर टाकला की दोघांची अदलाबदल होते, काही परत चॉप करायची गरज नाही. आणि एक दणका एकाच पॅडवर ठेवू नको, रेकॉर्डिंगमधले दोन वेगळे दणके शेजारी शेजारी ठेव आणि आलटून पालटून मार, नाहीतर फास्ट वाजवताना तोच आवाज पुन्हा पुन्हा येऊन मशीन वाजतंय असं लगेच ऐकू येतं.

इथे हलगीची एक खोड आहे जी ड्रम किटवाल्या ट्युटोरियलमध्ये सापडणार नाही. कातडं शेकून ताणलेलं असतं, वाजवता वाजवता ते गार होतं आणि स्वर उतरतो. म्हणून वरातीच्या सुरुवातीचा एक तुकडा आणि शेवटचा एक तुकडा शेजारी ठेवले की दोन वेगळ्या हलग्या वाटतात. एका किटचे सगळे तुकडे दोन-तीन मिनिटांच्या पट्ट्यातूनच घे, आणि एखादा बाहेरचा घ्यावाच लागला तर सिम्पलरमध्ये (प्रत्येक पॅडमागे तुकडा वाजवणारं एबल्टनचं साधन) ट्रान्सपोज आणि डिट्यून फिरवून कानाने जुळव.

गलक्याचं कारण म्हणजे चोक ग्रुप लावलेला नाही. एका चोक ग्रुपमधला एक पॅड वाजला की त्याच ग्रुपमधल्या दुसऱ्याचा आवाज तिथेच थांबतो. पण सगळे पॅड एका ग्रुपमध्ये टाकायची चूक नको, मग जाड दणक्याची घुमक बारीक काडी पडली की कापली जाते आणि हलगीचा जीवच जातो. घुमणारा दणका आणि हाताने दाबलेला दणका एका ग्रुपमध्ये ठेव, लांब फिरक्या दुसऱ्या ग्रुपमध्ये, आणि बारीक काडीला चोक देऊच नको. सिम्पलर वन-शॉट मोडवर ठेव आणि त्यात ट्रिगर निवड, गेट निवडलं तर बोट उचललं की आवाज तुटतो.

वरातीचं रेकॉर्डिंग म्हणजे मागे शिट्ट्या, गर्दी आणि जनरेटर असणारच. तुकडा एकदम कापला तर शेवटी टक असा आवाज येतो आणि शिट्ट्या तुकड्यातुकड्याने चालू-बंद होतात, म्हणून सुरुवातीला एक-दोन मिलिसेकंद फेड, म्हणजे आवाज हळूच चढवणं-उतरवणं, आणि शेवटी ३० ते ५० मिलिसेकंदांचा फेड दे. जनरेटरची घरघर काढायला लो कट (खालचा जड आवाज कापणारा फिल्टर) फक्त बारीक काडीच्या पॅडवर लाव, दणक्यावर लावशील तर त्याचं पोट जाईल. मोबाईल आपोआप आवाज दाबतो म्हणून हळू-जोरात सगळं सारखंच रेकॉर्ड झालेलं असतं, तो चढउतार तुला वेलोसिटीमधून, म्हणजे पॅड किती जोरात मारला त्यातून, परत आणावा लागेल, सिम्पलरमध्ये वेलोसिटीने व्हॉल्यूम किती बदलायचा ते बऱ्यापैकी वाढव.

लग्नात लाइव्ह वाजवणार म्हणतोस तर ऑडिओ सेटिंगमधला बफर (आवाज बाहेर पडायच्या आधी कॉम्प्युटर जेवढे सॅम्पल साठवतो ते) १२८ ठेव, ४४.१ किलोहर्ट्झवर तो जवळपास २.९ मिलिसेकंद होतो, ५१२ वर ११.६, वर साउंड कार्डचा, म्हणजे इंटरफेसचा, उशीर वेगळा, आणि हलगीच्या चालीत तेवढा उशीर हाताला जाणवतो.

आणि खरं सांगू का, मोबाईलच्या वरातीवर किती दिवस काढशील? जळगाव, धुळे, अमळनेर, कुठेही जा, हलगीवाले भेटतात. त्यांना वरातीआधी गाठ, त्यांच्या वेळेचे पैसे दे, आणि शांत जागी एकेक दणका सुटा सुटा वाजवून घे, हळू, मध्यम, जोरात, प्रत्येकाचे चार-पाच, मध्ये घुमक पूर्ण थांबेपर्यंत वाट बघायची. सातपुड्यातला होळीचा मोठा ढोल घ्यायचा असेल तर माईक जरा लांब ठेव, जवळून नुसता धक्का येतो. त्या सुट्या दणक्यांवर वरचा पॅडचा नकाशा जसाच्या तसा चालतो, फक्त आधीचा सिम्पलर हटव आणि नवीन तुकडा त्याच पॅडवर ओढ. कंट्रोलरचं मॉडेल आणि चौथ्या पॅडचा नंबर कळव, मग पुढचं सांगतो.