इंजिन वाजतंय, पण नेमकं काय वाजतंय?

या वेळची चारही पत्रं जुन्या गाड्यांच्या आवाजाची आहेत. पहिल्याला जरा जास्त जागा दिलीय, कारण त्यात बाकीच्यांचीही अर्धी उत्तरं येतात.

प्रश्न: नमस्कार. माझी बाइक १५० सीसी, कार्ब्युरेटरवाली, एअर कूल्ड, १८ वर्षं झाली आणि काटा ७८,००० किलोमीटरच्या पुढे गेलाय. सकाळी स्टार्ट केली की इंजिनमधून खडखड येते, डब्यात सुटे खिळे टाकून हलवल्यासारखी, मिनिटभरात कमी होते. पण चालवताना मध्येच रेस सोडली की परत तोच आवाज. टॅपेट (व्हॉल्व्ह ढकलणारे भाग) दोनदा सेट करून झाले, पहिल्या वेळी दोन दिवस बरं वाटलं मग पुन्हा जैसे थे. एक मेकॅनिक म्हणतो टायमिंग चेन गेली, दुसरा म्हणतो फुल इंजिन खोलावं लागेल, क्रँकचं काम आहे. पिकअप ठीक आहे, धूर नाही. ऐकायचं कोणाचं?

उत्तर: तुम्ही लिहिलंय त्यावरून तरी पहिल्याचं. पण त्याचंही लगेच नाही, आधी घरी तासभर घालवा.

आवाज कसा येतो हे सगळे सांगतात, खडखड, टकटक, किटकिट, आणि प्रत्येकाची किटकिट वेगळी असते. तुम्ही मात्र तो कधी येतो हे लिहिलंत, आणि खरं काम त्याचंच असतं. थंड असताना जास्त, गरम झाल्यावर कमी, रेस सोडली की परत. आता क्रँकचं म्हणजे पिस्टन आणि क्रँक जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडच्या खालच्या बेअरिंगचं बघा, ते गेलं असेल तर उलटं होतं, इंजिन तापलं की ऑइल पातळ होतं आणि ठोका वाढतो, चढावर रेस दिली की आणखी वाढतो, आणि तो खिळ्यांसारखा नसतो, हातोडीने लाकडावर मारल्यासारखा जड असतो. तुमचं एकही लक्षण तिकडे जात नाही. पिस्टन सैल असेल तर तोही थंडपणी वाजतो आणि तापल्यावर पिस्टन फुगून गप्प होतो, पण तो आवाज बोदा असतो आणि रेस देताना येतो, सोडताना नाही.

रेस सोडताना काय होतं, तर इंजिनवरची ओढ एकदम बदलते आणि टायमिंग चेन, म्हणजे क्रँकवरून वरचा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) फिरवणारी आतली चेन, सैल असेल तर ती तिच्या गाइडवर, म्हणजे तिला सरळ ठेवणाऱ्या पट्टीवर, किंवा आतल्या भिंतीवर फटके मारते. चेन ताणली असं आपण म्हणतो पण पत्र्या काही ताणत नाहीत, पिना आणि बुश झिजतात, एकेका जोडाला केसभर, आणि अशा सगळ्या जोडांची झीज मिळून चेन चांगलीच लांब होते. ती लांबी भरून काढायला टेन्शनर असतो, स्प्रिंगवरचा दांडा गाइडला ढकलतो आणि गाइड चेनला दाबतं. टेन्शनरचं अंतर संपलं किंवा स्प्रिंग मेली की खडखड सुरू. टॅपेट सेट करून दोन दिवस बरं का वाटलं, तर बहुधा एक आवाज कमी झाला म्हणून, चेनचा होता तसाच होता.

आता तो तासभर. पहिलं काम ऑइल, गाडी सपाट जागी मेन स्टँडवर सरळ उभी करून. काही गाड्यांत मोजकाडी आटे न फिरवता नुसती टेकवून बघायची असते, काहींत आवळून, पुस्तकात बघा, कारण इथेच चुकून अर्धं भांडं रिकामं असताना लोक 'फुल आहे' म्हणून निघतात. ऑइल कमी असेल तर बरोबर ग्रेडचं घालून परत ऐका, निम्म्या वेळा गोष्ट इथेच संपते. आणि आवाज बंद व्हावा म्हणून जाड ऑइल घालू नका, ते आवाज झाकतं आणि थंड इंजिनात वर हेडपर्यंत, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागापर्यंत, पोचायला उशीर लावतं, म्हणजे ज्या मिनिटाची तुमची तक्रार आहे तेच मिनिट आणखी वाईट.

मग बाहेरचं सगळं. हे मी जरा तळमळीने सांगतोय कारण मी स्वतः एकदा अशाच खडखडीसाठी तीन वेळा टॅपेटचं झाकण उघडलं, तिसऱ्यांदा तर गॅस्केटही फाडलं, आणि शेवटी आवाज निघाला सायलेन्सरवरच्या पत्र्याच्या कव्हरचा. बोल्ट घट्ट होता, पण खालचा वॉशर झिजून कागदासारखा झाला होता आणि पत्रा अर्धा मिलिमीटर नाचत होता. लाकडी मुठीने पत्रा दाबला, आवाज बंद, सोडला, चालू. नवीन वॉशर घातला आणि काम संपलं. तर इंजिन स्लोवर ठेवून कव्हरं, नंबर प्लेट, हॉर्नची पट्टी, एकेक दाबून बघा, लाकडाने दाबा, हाताने नको, भाजेल. इंजिन बंद करून थंड झाल्यावर इंजिनचे माउंटिंग बोल्ट तपासा आणि सायलेन्सर हलवून ऐका, आतली जाळी सुटली असेल तर ती तिथेच बोलते.

त्यानंतर स्क्रूड्रायव्हर. लांब दांड्याचा घ्या, टोक इंजिनवर, मूठ कानामागच्या हाडाला. फिरत्या भागांपासून आणि तापलेल्या पाइपपासून लांब, आणि हे मोकळ्या हवेत करा, बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून नाही, धुराने माणूस मरतो. टोक आधी टॅपेटच्या झाकणावर, मग चेनच्या बाजूने बॅरलवर (सिलिंडरवर), मग खाली क्रँककेसवर, म्हणजे क्रँक बसतो त्या पेटीवर. जिथे आवाज सगळ्यात टोकदार आणि जवळचा वाटेल तिथे थांबा. एक युक्ती आहे, ताल ऐका. इंजिन स्लोवर १,२०० आरपीएमला असेल तर क्रँक सेकंदाला २० फेऱ्या मारतो आणि वरचा कॅम त्याच्या अर्ध्या, म्हणजे १०. एका टॅपेटची टिकटिक त्यामुळे निवांत लागते, क्रँकचा ठोका तिच्या दुप्पट घाईत असतो. मोजता येत नाही, पण दोन-तीन वेळा ऐकलं की कान धरतो. चेनला धड तालच नसतो, ती घासल्यासारखी, खरखरत वाजते.

आवाज चेनच्या बाजूला सापडला तर टेन्शनर काढून बघायचा. इथे एक चूक लोक हमखास करतात, बोल्ट थोडे ढिले करतात आणि परत आवळतात. ऑटोमॅटिक टेन्शनर बोल्ट सैल होताच आणखी दाते पुढे जातो, मागे येत नाही, मग आवळला की चेन तारेसारखी ताठ होते आणि गाइड खाते. काढायचाच तर पूर्ण काढा, दांडा आत ओढून घ्या, बऱ्याच गाड्यांत मागच्या भोकातून बारीक स्क्रूड्रायव्हर फिरवला की तो आत जातो, आणि मगच परत बसवा. काढण्याआधी पिस्टन कॉम्प्रेशनच्या टॉपला, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना अगदी वर, आणून ठेवा आणि टेन्शनर बाहेर असताना किकला पायसुद्धा लावू नका. चेन एखादा दात सरकली तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटू शकतो, मग खरंच फुल इंजिन.

हातात आल्यावर दांडा किती बाहेर आलाय बघा. जवळपास शेवटपर्यंत आलाय तर चेन संपली, आणि चेनबरोबर गाइडही बदला, झिजलेल्या गाइडवर नवी चेन घालणं म्हणजे पैसे वाया. दांडा मध्येच आहे पण अंगठ्याने दाबला की आत जातो, तर टेन्शनर खराब, तो एकटा बदलून बघायला हरकत नाही. एक जाता जाता, चेन लांबली की कॅम किंचित मागे पडतो, म्हणून बदलल्यावर पिकअप सुधारल्यासारखा वाटला तर तो भास नसतो.

आणि टॅपेट. आवाज जावा म्हणून कोणी ते घट्ट केले नाहीत ना, हे तपासून घ्याच. लहान इंजिनांत फट साधारण ०.०५ ते ०.१५ मिलिमीटर असते, नेमका आकडा पुस्तकात असतो आणि तो थंड इंजिनावर फीलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी, घ्यायचा. फट राहिली नाही तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नीट बसत नाही, त्याची उष्णता सीटमधून, म्हणजे तो टेकतो त्या कडेतून, हेडला जाते ती जायची बंद होते आणि व्हॉल्व्ह जळतो. थोडी टिकटिक करणारा टॅपेट बरा, गप्प बसलेला संशयास्पद.

प्रश्न: गाडी न्यूट्रलला उभी असताना खडखडते, क्लच दाबला की शांत. पायाखालीच वाजतं. क्लच गेला का?

उत्तर: क्लच घसरत नसेल, म्हणजे रेस दिल्यावर इंजिन नुसतं ओरडून गाडी जागेवर राहत नसेल, तर प्लेटा ठीक आहेत. वाजतंय ते क्लचचं घर, म्हणजे ज्या खाचांत प्लेटा बसतात त्या झिजल्यात, किंवा घराच्या मागच्या छोट्या स्प्रिंगा ढिल्या झाल्यात. सिंगल सिलिंडर स्लोवर झटके देत चालतं आणि तो सगळा खेळ तिथे ऐकू येतो. क्लच दाबल्यावर गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट थांबतो, म्हणून त्याचं बेअरिंगही यादीत राहतं, पण ते असेल तर खडखडीपेक्षा घरघर जास्त येते. आधी स्लो रेस बघा, पुस्तकात १,४०० असताना तुमची ९०० वर असेल तर नुसता स्क्रू फिरवून आवाज अर्धा होईल. घाई नाही, पुढच्या क्लचच्या कामाला खाचा बघायला सांगा. आणि ऑइल मोटरसायकलचंच, जासो एमए (मोटरसायकलच्या ऑइलचं मानक) लिहिलेलं, ओल्या म्हणजे ऑइलमध्ये चालणाऱ्या क्लचला कारचं कमी घर्षणाचं ऑइल चालत नाही.

प्रश्न: सपाट रस्त्यावर काही नाही, चढाला टॉप गिअरमध्ये रेस पिळली की बरणीत गोट्या हलवल्यासारखं किटकिट वाजतं. टॅपेट असेल का?

उत्तर: टॅपेट चढ बघून वाजत नाही. हे नॉकिंग आहे, पेट्रोल-हवेचं मिश्रण ठिणगीने शिस्तीत जळण्याऐवजी एका कोपऱ्यात आपोआप भडकतंय. आजचा उपाय, एक गिअर खाली टाका आणि रेस कमी पिळा. ते न करता तसंच ओढत राहिलात तर पिस्टनला भोक पडू शकतं. कारण शोधायचं तर जुन्या गाडीत मी पहिल्यांदा कार्ब्युरेटर आणि इंजिनमधला रबराचा तुकडा वाकवून बघतो, त्याला भेगा गेल्या की जादा हवा शिरते आणि मिश्रण पातळ होतं. मग टायमिंग, पॉइंटवाली गाडी, म्हणजे उघडझाप करून ठिणगी पाडणारे संपर्क असलेली, असेल तर पॉइंटची फट कोणी जास्त ठेवलीय का, कारण फट वाढली की ठिणगी लवकर पडते. मग प्लग गाडीला सांगितलेल्याच हीट रेंजचा आहे ना, म्हणजे तेवढीच उष्णता बाहेर काढणारा. शेवटी पिस्टनवरचा कार्बन, तो मात्र हेड उतरवल्याशिवाय नीट निघत नाही.

प्रश्न: खालून जड टकटक येते, गरम झाल्यावर वाढते. ऑइल काढलं तर त्यात चमकी होती. अजून काही महिने चालवता येईल का?

उत्तर: नाही. आजच थांबवा, मेकॅनिककडेही चालवत नेऊ नका. चमकीवर चुंबक फिरवा, चिकटली तर पोलाद, म्हणजे बेअरिंग किंवा गिअर, नाही चिकटली तर ॲल्युमिनियम किंवा पितळीसारखं काहीतरी. दोन्ही वाईट, पण खोलणाऱ्याला दिशा मिळते. हेड आणि बॅरल उतरल्यावर स्वतः समोर उभे राहा, कनेक्टिंग रॉड टॉपला आणून वर-खाली ओढून बघायला सांगा. वर-खाली काहीही हललं तर खालचं बेअरिंग गेलं. आडवं थोडं हलणारच, ते नॉर्मल आहे, आडवं हलवून 'बघा केवढं ढिलं झालंय' असं कोणी दाखवलं तर वर-खाली परत ओढायला लावा.