बी.एस्सी.च्या मुलांसाठी कॉलेजने मास स्पेक्ट्रोमीटर घ्यावा का?

तुम्ही विचारलंय की परभणीकडच्या तुमच्या कॉलेजला अनुदान मिळतंय, तर पदवीच्या मुलांसाठी मास स्पेक्ट्रोमीटर (रेणू आणि त्याच्या तुकड्यांचं वजन मोजणारं यंत्र) घ्यावा का आणि कोणता. मी लातूरकडे रसायनशास्त्र शिकवतो, आमच्याकडे जीसी-एमएस आहे, म्हणजे मिश्रणातले घटक आधी वायुरूपात वेगळे करणारा मास स्पेक्ट्रोमीटर. घ्या, पण मशीनच्या आधी लाइटचं बघा.

हे काही ट्यूबलाइटसारखं चालू-बंद करायचं यंत्र नाही. आतला व्हॅक्यूम चोवीस तास टिकवावा लागतो. आमचा यूपीएस जेमतेम अर्धा तास टिकायचा. मे महिन्यात वादळात रात्रभर लाइट गेली. खोलीला कुलूप, किल्ली शिपायाकडे आणि शिपाई गावाकडं लग्नाला! पंप थांबले, रोटरी पंपाच्या तेलाची वाफ उलटी आत चढली. सोर्स, म्हणजे रेणूंवर इलेक्ट्रॉनचा मारा होतो तो भाग, उघडून साफ करण्यात अख्खा जून गेला. म्हणून जनरेटर, एसी आणि देखभालीचा करार खरेदीच्याच प्रस्तावात घाला. नंतर त्यासाठी वेगळा पैसा कुणी देत नाही.

प्रकार म्हणाल तर सिंगल क्वाड्रुपोल (वजनानुसार तुकडे निवडणारी चार दांड्यांची एकच गाळणी) जीसी-एमएस. एलसी-एमएसचा (घटक द्रवात वेगळे करणाऱ्या प्रकाराचा) मोह टाळा. त्यात बहुधा रेणू अखंडच दिसतो, मग तुकड्यांवरून रचना ओळखायला मुलं शिकणार कशी? जीसी-एमएसमध्ये ७० इलेक्ट्रॉन-व्होल्टचा मारा सगळीकडे सारखाच, त्यामुळे लायब्ररीशी, म्हणजे माहीत असलेल्या पदार्थांच्या नोंदींशी, ताडून बघता येतं. नमुना वाहून नेणारा हेलियम मात्र ९९.९९९ टक्के शुद्धच घ्या आणि एक भरलेला सिलिंडर कायम शिल्लक ठेवा.

आमची मुलं जालन्याच्या मोसंबीची साल हेक्झेनमध्ये भिजवतात. सालीच्या तेलातल्या लिमोनीनचा रेणू १३६ चा, पण सगळ्यात उंच पीक ६८ ला, म्हणजे बरोबर निम्म्यावर. रेणू मधोमध फुटून आयसोप्रीनचे दोन तुकडे होतात. रेणू असा फुटण्याची ही क्रिया, रेट्रो डील्स-आल्डर, मी फळ्यावर कितीदा शिकवलं असेल, पण ते ६८ बघून एक मुलगी म्हणाली, "सर, हे खरंच होतं होय!"

रोज सकाळी पहिल्यांदा १८ (पाणी), २८ (नायट्रोजन) आणि ३२ (ऑक्सिजन) ही पीक्स बघायची सवय लावा. २८ उंच आणि ३२ त्याच्या साधारण पाव असेल, तर कुठूनतरी हवा शिरतेय. बहुतेकदा कॉलमचा (घटक वेगळे करणाऱ्या नळीचा) नट सैल असतो.

अनुदान हुकलं तर नमुने आयआयटी मुंबईच्या सैफकडे (बाहेरचे नमुने तपासून देणाऱ्या उपकरण केंद्राकडे) पाठवता येतात. आणि ऑर्डर देण्याआधी विक्रेत्याला एकच विचारा: सर्व्हिस इंजिनिअर कुठून येणार, पुण्याहून की हैदराबादहून, आणि किती दिवसांत? उत्तर लेखी घ्या.