केपीएच, केएमपीएच की केएम/एच?

प्रश्न : एकाच वादळाच्या इंग्रजी बातम्या वाचताना वाऱ्याच्या वेगापुढे एकीकडे 'केपीएच' दिसलं, दुसरीकडे 'केएमपीएच'. मुलीच्या विज्ञानाच्या पुस्तकात मात्र 'केएम/एच' आहे. बरोबर कोणतं? आणि मराठीत काय लिहावं?

उत्तर : तुमच्या मुलीचं पुस्तक बरोबर आहे. 'केएम/एच' हा संक्षेप नव्हे, ते चिन्ह आहे. संक्षेप त्या त्या भाषेचा असतो, चिन्ह सगळ्यांचं. जर्मनमध्ये तासाला 'श्टुंडं' म्हणतात. त्या शब्दाची सुरुवात एचने होत नाही, तरी जर्मन वृत्तपत्रं 'केएम/एच'च छापतात. एककांची चिन्हं कशी लिहायची याचे नियम वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने १९४८ सालीच घालून दिले. चिन्हाचं अनेकवचनही करायचं नसतं, म्हणून 'केएमएस' चूक.

'केपीएच' आलं मैलांच्या 'एमपीएच'च्या वळणाने. असोसिएटेड प्रेस ही अमेरिकी वृत्तसंस्था तेच वापरते. भारतातल्या इंग्रजी पत्रांच्या हाताला 'केएमपीएच' बसलेलं आहे. दोन्हींत मला 'केपीएच' जास्त खटकतं. नुसता 'के' म्हणजे हजार. हजार काय, ते सांगायचं राहूनच जातं. मथळ्यात सगळी अक्षरं कॅपिटल केली की आणखी घोळ, कारण कॅपिटल 'के' हे केल्विन या तापमानाच्या एककाचं चिन्ह आणि कॅपिटल 'एच' हेन्री या विजेशी संबंधित एककाचं.

मराठीत हा प्रश्न पडायलाच नको. 'ताशी' हा इतका नेमका शब्द आपल्याकडे आहे! 'ताशी १२० किमी' लिहिलं की काम झालं. तरीही कॉपी तपासताना माझी लाल पेन्सिल दोन ठिकाणी हमखास थांबते. एक, 'ताशी १२० किमी प्रतितास वेगाने', म्हणजे तास दोनदा. दुसरी, '१२० किमी वेगाने', म्हणजे तास गायब. ही दुसरी चूक मी कधीच सोडत नाही. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक ताशी सुमारे २८,००० किमी वेगाने फिरतं, म्हणजे सेकंदाला पावणेआठ किमीच्या आसपास. बातमीत नुसतं 'किमी' राहिलं तर वाचकाने तास धरायचा की सेकंद?

एकक चुकलं की काय होतं, ते मी स्वतः केलेल्या चुकीतून सांगते. उपसंपादक म्हणून नवी असताना रात्रपाळीला वादळाची बातमी आली. वाऱ्याच्या वेगापुढे '६० केटी' होतं. पान सोडायची घाई होती, मी 'ताशी ६० किमी' करून टाकलं. केटी म्हणजे नॉट, आणि एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किमी. वारा ताशी १११ किमीचा होता. दुसऱ्या दिवशी आम्ही दुरुस्ती छापली, पण तोवर वादळ येऊन गेलं होतं.